घर गरम करणारी नवीन गॅस फर्नेस, पाच महिने वापरल्यावर: बिल बघू नका, गॅस मीटरचा काटा बघा

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो, घर जुनं. ऑक्टोबरमध्ये ८० टक्के एफिशियन्सीची (म्हणजे जळलेल्या गॅसची ८० टक्के उष्णता घराला देणारी) जुनी फर्नेस काढून ९६ टक्केवाली बसवली, सिंगल स्टेज (एकाच जोराने जळणारी), इनपुट म्हणजे तासाला जाळायचा गॅस ६०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप). आवाज अगदी कमी, डिसेंबरपर्यंत खूश होतो. जानेवारीत बाहेर उणे ५ फॅरनहाइट (म्हणजे साधारण उणे २१ सेल्सिअस) झालं आणि थर्मोस्टॅट ६८ वर असून घर ६४ च्या वर जाईना, फर्नेस रात्रभर अखंड चालू, नाशिकहून आलेली आई घरात स्वेटर, वर शाल घेऊन बसलेली. फार वाईट वाटलं.

बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे घर जुनं आहे, इन्सुलेशन बघा. मग मी स्टॉपवॉच घेऊन मीटरपाशी गेले. वॉटर हीटर पायलटवर (नुसती छोटी ज्योत चालू), गॅस शेगडी आणि ड्रायर बंद, फर्नेस दहा मिनिटं चालू दिली आणि २ घनफुटांच्या छोट्या डायलचा काटा एक फेरी किती वेळात मारतो ते मोजलं, तीनदा. १५० सेकंद. तासाचे ३६०० सेकंद गुणिले २ भागिले १५०, म्हणजे ४८ घनफूट, एका घनफुटात साधारण १०३० बीटीयू धरले तर झाले जेमतेम ४९,५००! फर्नेसच्या प्लेटवर ६०,००० लिहिलंय, त्या हिशोबाने फेरी १२४ सेकंदांत व्हायला हवी.

हे आकडे सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस आला. मॅनिफोल्ड प्रेशर (बर्नरला जाणाऱ्या गॅसचा दाब, पाण्याच्या इंचांत मोजतात) ३.५ इंच पाहिजे ते २.४ वर होतं, म्हणजे बसवताना कोणी तपासलंच नव्हतं, याचा मला खरंच राग आला. त्याने गेज लावून दाबाचा स्क्रू फिरवून सेट केलं, धुरातला कार्बन मोनॉक्साइडही तपासला (तो स्क्रू आपण स्वतः अजिबात फिरवायचा नाही). परत मोजलं, बरोबर १२४. नंतर उणे ३ च्या रात्री घर ६८ वर टिकलं, आईची शाल कपाटात गेली.

बचतीचं म्हणाल तर नुसतं बिल फसवतं. गेल्या फेब्रुवारीत २५८ थर्म (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू), यंदा २४८, नवरा म्हणाला एवढाच फरक? पण यंदा थंडी जास्त होती ना. उन्हाळ्यात आमचा महिन्याला १८ थर्म गॅस लागतो, गरम पाणी आणि स्वयंपाक, तो वजा केला आणि डिग्री डेजने भागलं (६५ मधून दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं, महिन्याची बेरीज). गेल्या वर्षी १००० डिग्री डेज, यंदा ११५०. म्हणजे दर डिग्री डेला ०.२४ थर्मवरून ०.२० वर आलो, ८० चे ९६ झाले की जेवढं व्हायला पाहिजे तेवढंच. मार्चचं रीडिंग आलं की तेही टाकते.