२४ तासांचा केअरटेकर: एजन्सीचा की थेट ठेवलेला?

पहिल्या आठवड्यात दोघांत फरक कळत नाही. दोघेही वेळेवर भरवतात, अंघोळ घालतात, गोड बोलतात. खरी परीक्षा होते ती केअरटेकर सुट्टीवर जातो तेव्हा, आणि रात्री.

बदलीचा माणूस ही एजन्सीची मुख्य जमेची बाजू. पण नुसतं ‘बदली देतो’ एवढ्यावर भागवू नका. किती तासांत देता, आणि जुना माणूस नव्याला पेशंटसमोर काम समजावून जातो का, हे करारात लिहून घ्या. पक्षाघातात डावी बाजू गेली आहे हे नव्याला कुणी सांगितलंच नाही, तर तो पहिल्याच सकाळी काखेत हात घालून पेशंटला उचलतो, आणि आधीच सैल झालेला खांदा दुखावतो.

थेट ठेवलेल्या माणसाची बदली म्हणजे तुम्हीच. ते दिवस घरातल्या कुणाला खरोखर मोकळे काढता येतात का, हे आधीच ठरवा. मात्र स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला सतत बदलणारे चेहरे सोसत नाहीत. चिडचिड वाढते, जेवण नाकारलं जातं. अशा घरात टिकून राहणारा एकच माणूस कितीही चकचकीत एजन्सीपेक्षा सरस.

रात्रीच्या बाबतीत दोन्हीकडे सारखीच फसगत होते. २४ तास घरात राहणारा माणूस २४ तास जागा राहू शकत नाही. स्वतः हलू न शकणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, गादी आणि त्वचा पाहून थोडं कमीजास्त. हे, किंवा रोज रात्री अनेकदा उठवणारा पेशंट सांभाळणं, एका माणसाचं काम नाही; १२-१२ तासांच्या दोन पाळ्या हव्यात, आणि त्या एजन्सीकडून लावणं सोपं जातं. दुपारी पेंगणाऱ्या केअरटेकरला आळशी ठरवण्याआधी त्याची रात्र कशी गेली ते विचारा.

इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, नाकातल्या नळीतून अन्न देणं, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) ही कामं असतील तर प्रशिक्षित माणूस आणि त्याच्यावर देखरेख करणारी नर्स लागते. एजन्सीचा पांढरा गणवेश म्हणजे नर्स नव्हे. नोंदणीचा कागद मागा. आणि सुपरवायझर न सांगता घरी येतो की नुसता फोन करतो? फोनवर पाठ दिसत नाही.

ती पाठ तुम्हीही आठवड्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतः पाहा: माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिका पडत नसेल तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरा भाग शोधा. त्या जागेवर चोळून मालिश करणारा केअरटेकर मायेने करत असला तरी नुकसानच करतो.

केअरटेकर भरतो ती नोंदवहीही बारकाईने वाचा. औषध, लघवी, पाणी, कूस या सगळ्यांच्या वेळा ८:००, १०:००, १२:०० अशा गोल आणि दिवसभराचं अक्षर एका दमात लिहिल्यासारखं असेल, तर वही रात्री बसून भरली असावी. खात्रीसाठी गोळ्यांची पाकिटं मोजून वहीशी ताळा करा.

पैशांत एजन्सी महाग पडते, कारण तिचा हिस्सा त्यातून जातो. प्रत्यक्ष माणसाच्या हातात किती पडतं ते विचारा. फार कमी पडत असेल तर तो टिकणार नाही आणि तुम्ही बदल्यांच्या फेऱ्यांत अडकाल. थेट ठेवलात तर ओळखपत्र आणि आधीच्या घरांकडून चौकशी, साप्ताहिक सुट्टी, आजारपणातला पगार हे सगळं तुमच्या अंगावर येतं.

थोडक्यात, पेशंट चालताफिरता असेल, सोबत आणि औषधांची आठवण एवढीच गरज असेल, तर थेट. अंथरुणाला खिळलेला किंवा नळ्या लावलेला असेल तर एजन्सी, पण देखरेख खरी असेल तरच.

कुणालाही ठेवण्यापूर्वी पलंगावरून व्हीलचेअरवर बसवून दाखवायला सांगा. जाणकार माणूस खुर्ची पेशंटच्या धडधाकट बाजूला लावतो, दोन्ही ब्रेक दाबतो, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करतो आणि काय करणार ते आधी पेशंटला सांगतो. ब्रेक विसरला तर एकदा आठवण करून द्या. दुसऱ्यांदाही विसरला तर दुसरा माणूस बघा.