रिॲक्ट सिलेक्ट: निवडलेलं जपणारा ड्रॉपडाउन

बडोद्याला दांडिया बाजारात माझ्या काकांचं केटरिंग आहे. गणपतीच्या दिवसांत ऑर्डरी वहीत मावेनात, म्हणून मी त्यांना एक फॉर्म करून दिला. पदार्थ निवडायला रिॲक्ट सिलेक्ट घेतलं, म्हणजे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत वापरायचा तयार ड्रॉपडाउन. दोन सीझन वापरून झालं, आता लिहायला हरकत नाही.

ड्रॉपडाउन उघडतो कसा, हे मी फारसं बघत नाही. आधी निवडलेलं तो कसं सांभाळतो, ते बघते.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी जुनी ऑर्डर बदलायला उघडली आणि हाक मारली, "अगं, इथे नुसत्या फुल्याच दिसताहेत!" खरंच, तीन करड्या रिकाम्या चौकटी, प्रत्येकीला एक फुली, नाव एकीवरही नाही. डेटाबेसमधून आलेले पदार्थांचे आयडी मी तसेच ‘व्हॅल्यू’ला, म्हणजे काय निवडलंय ते सांगायच्या जागी, दिले होते. इथे नुसता आयडी चालत नाही, लेबल (दिसणारं नाव) आणि व्हॅल्यू (आयडी) दोन्ही असलेला अख्खा ऑप्शन द्यावा लागतो. आयडींवरून यादीतले ऑप्शन शोधून दिले, तेव्हा मसालेभात, अळूवडी, जिलबी दिसायला लागली. तेव्हा चिडले होते, आता मात्र ही पद्धत पटते. यादी सर्व्हरवरून मागाहून येणार असली, तरी निवडलेल्याचं नाव त्याच्याबरोबरच असतं, त्यामुळे फॉर्म उघडताक्षणी दिसतं.

आयडीचा प्रकारही सांभाळा. निवडलेल्यात १२ स्ट्रिंग (मजकूर) म्हणून आला आणि यादीत नंबर असला, तर रिॲक्ट सिलेक्टच्या लेखी ते दोन वेगळे. अळूवडी वर निवडलेली असते आणि खाली यादीतही पुन्हा हजर.

खरा घोर लावला तो बॅकस्पेसने. शोधताना चुकलेलं खोडायला काकू बॅकस्पेस दाबून धरायच्या. अक्षरं संपली की हाच बॅकस्पेस शेवटचा निवडलेला पदार्थ उडवतो. एका साखरपुड्याच्या ऑर्डरीतून पुरणपोळी अशीच गेली. आदल्या संध्याकाळी सामान काढताना काकांना आठवलं म्हणून निभावलं, पण मला रात्रभर झोप नव्हती. ‘बॅकस्पेस रिमूव्ह्ज व्हॅल्यू’ हा प्रॉप (बाहेरून देता येणारी सेटिंग) फॉल्स, म्हणजे बंद, केला आणि ते थांबलं. असा प्रॉप मुळात ठेवलाय, याबद्दल करणाऱ्यांचे आभार.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे ‘ऑनचेंज’चा, म्हणजे निवड बदलली की चालणाऱ्या फंक्शनचा, दुसरा आर्ग्युमेंट (त्याला मिळणारी दुसरी माहिती). नवी निवड तर मिळतेच, पण ती कशी झाली तेही कळतं: फुलीवर क्लिक केलं तर ‘रिमूव्ह-व्हॅल्यू’, सगळं पुसलं तर ‘क्लिअर’. ‘क्लिअर’ आलं की माझा फॉर्म आधी विचारतो, "सगळे पदार्थ काढायचे?" काकूंनी नाही म्हटलं, तर मी स्टेट (फॉर्मने जपलेली निवड) बदलत नाही आणि सगळे पदार्थ जागच्या जागी राहतात. निवड माझ्या हातात असल्याचा फायदा तो हाच.

जुना प्रोजेक्ट असेल तर आवृत्ती बघून घ्या. अनेक निवडींच्या ड्रॉपडाउनमधून सगळं काढल्यावर तिसऱ्या आवृत्तीत ‘नल’ (काहीच नाही) यायचं, चौथीपासून रिकामा ॲरे (यादी) येतो. यादीतल्या प्रत्येकावर काम करणारं ‘मॅप’ लावणाऱ्यांना फरक लगेच कळेल, ‘नल’वर ते चालत नाही.

मराठीत शोध व्यवस्थित चालतो, ‘अळू’ एवढं लिहिलं तरी अळूवडी सापडते. "नो ऑप्शन्स"च्या जागी मी "असा पदार्थ नाही" घातलंय.

जेवणाची वेळ विचारायला मात्र ब्राउझरचा साधा सिलेक्टच ठेवलाय. सकाळ किंवा संध्याकाळ, दोनच तर पर्याय.