ड्रायव्हर नसलेली लाइट रेल की रस्त्यावरची ट्राम? नागपूरच्या आसपासच्या गावांनी काय मागावं

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मधे पूर्ण झाला, दुसरा बुटीबोरी, हिंगणा, कन्हान, कापसीकडं जाणार, आणि आता इकडच्या गावांत विचारतात की पुढं आपल्याकडं काय मागायचं. तर दोन्ही नीट पहा.

ऑटोमॅटिकवाली म्हणजे ड्रायव्हर नसलेली हलकी, लहान गाडी, जशी कॅनडातल्या व्हँकुव्हरची स्कायट्रेन, 1985 च्या शेवटापासून चालते, किंवा 2002 ची कोपनहेगन मेट्रो. लोकं म्हणतात ड्रायव्हरचा पगार वाचतो, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की गाडी लहान ठेवून घडीघडी सोडता येते. कोपनहेगनची गाडी 39 मीटरची आहे, त्यामुळं प्लॅटफॉर्म छोटे, स्टेशन स्वस्त, आणि रात्रभर गाडी चालू. एमआयडीसीतली रात्रपाळी सुटल्यावर फाट्यावर ऑटोची वाट पाहत बसणाऱ्या पोरापोरींना हेच पाहिजे भाऊ.

पण तिची अट कडक आहे, रूळ पूर्ण वेगळा पाहिजे, मधात फाटक नाही, पांदण नाही, गुरं नाही. पिलरवरून नेली तर ठीक, पण पैसे वाचवायला जमिनीवरून कुंपण घालून नेली तर गाव इकडं अन् वावर तिकडं. मग अंडरपास किती उंच ते आधी विचारा, कापसानं शिगोशिग भरलेली बंडी त्यातून निघाली पाहिजे, आणि पावसाळ्यात तिथं पाणी तुंबलं तर पेरणीच्या दिवसांत माणूस जाईल कुठून?

ट्राम बनवायला स्वस्त, थांबा रस्त्याच्या कडेलाच, चढायला जिना नाही, म्हाताऱ्या माणसाला बरं. पण कोलकात्यात पाहिलं ना, ट्राफिकमधे अडकते, आणि दर गाडीला ड्रायव्हर लागतो म्हणून फेऱ्या वाढवायच्या म्हटलं की खर्च वाढतो.

करंटचंही पहा. नागपुरात वरच्या तारेतून 25 केव्ही, म्हणजे 25 हजार व्होल्ट येते, त्यामुळं सबस्टेशन दूरदूर असले तरी चालतात. बंगळुरूसारखं रुळाबाजूच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्ट घेतलं तर वर तारा नको, बोगदा लहान होते, पण सबस्टेशन जवळजवळ लागतात आणि शेळ्या चरतात तिथं जमिनीवर हे नकोच.

मला स्वतःला लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे सगळ्यात पटते. 1987 पासून गाडी आपोआप चालते पण आत एक माणूस असतो, दारं पाहतो, गरज पडली तर हातानं चालवतो. दिल्लीत 28 डिसेंबर 2020 ला मॅजेंटा लाइनवर बिनड्रायव्हरची गाडी सुरू झाली, म्हणजे आपल्या देशात हे होत नाही असं कोणी सांगू नये.

म्हणून दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरी, हिंगण्यापर्यंत जी जाणार ती पिलरवरची ऑटोमॅटिकच मागा, आत माणूस ठेवूनच. त्याच्यापुढं सेलू, वर्ध्याकडं नवा रूळ मागूच नका, ब्रॉडगेज आहेच, त्याच्यावर मेमूच्या, म्हणजे विजेवरच्या लोकल गाडीच्या, फेऱ्या वाढवून मागा. आणि प्रकल्पाच्या लोकसुनावणीला गेले की एसटीचा थांबा स्टेशनच्या जिन्यापाशीच पाहिजे हे लेखी द्या, तोंडी सांगितलेलं नकाशात येत नाही.