चक उत्तम, चावी भंगार: छोट्या लेथवर चार जॉचा चक, एक पावसाळा काढल्यावर

चावी गोल झाली. चकाला, म्हणजे लेथवर लाकूड धरून फिरवणाऱ्या पकडीला, काही झालेलं नाही. जॉ (तिचे जबडे) शाबूत आहेत, त्यांना एकत्र सरकवणारी आतली आट्यांची चकती, म्हणजे स्क्रोल, तीही शाबूत आहे. जॉ आवळायच्या ८ मिलिमीटरच्या चावीचं षटकोनी टोक तेवढं कोपरे जाऊन सुपारीसारखं झालंय. विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "चावी वॉरंटीत येत नाही सर, ती झिजणारी वस्तू आहे." झिजणारी वस्तू म्हणजे सँडपेपर, फार तर बेल्ट. चावी पोलादाची असते, निदान असायला हवी. मग व्हिडिओ मागितला, तोही काढून पाठवला: चावी फिरतेय, चक ढिम्म. त्यावर कळवलं की सुटी चावी मिळत नाही, पूर्ण संच मागवा. बोटभर लोखंडासाठी अख्खा चक पुन्हा घ्यायचा! त्या रागात हे लिहायला घेतलंय, तेव्हा चावीबद्दल जरा जास्त वाचावं लागेल.

लेथ आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे असतो तसलाच आहे: लाकूड कातायचा, दहा इंची (म्हणजे दहा इंच व्यासापर्यंतचं लाकूड त्यावर फिरतं), अर्ध्या हॉर्सपॉवरचा, एक इंच जाड स्पिंडल (चक ज्यावर चढतो तो फिरता दांडा), त्यावर इंचाला ८ आटे. राहतो तळकोकणात, म्हणजे जून ते सप्टेंबर लोखंड कुठे ठेवायचं हा प्रश्न आलाच. लाटणी, रव्या, खुर्चीचे पाय ही कामं दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना टोकदार खुंट्यांत धरून, होतात. ज्याला एवढंच करायचंय त्याने चकाचे पैसे वाचवावेत. चक लागतो तो जॉब (कातायचं लाकूड) एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाने पोखरायचा असेल तेव्हा. कुंकवाचा करंडा, झाकणाची डबी, वाटी, भोवरा, असली कामं. लाखेची खेळणी करणारे कारागीर त्याहीसाठी चक घेत बसत नाहीत, ते लाकडाचं टोक निमुळतं करून पोकळ पेल्यात ठोकून बसवतात आणि काम उरकतात. (कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी ज्या लाकडाची होतात, तो आपल्या रानातला काळा कुडाच.) पण त्या ठोकण्यात हात तयार असावा लागतो. माझा नाही.

"लाकडाचा चक कशाला, मेटल लेथचा तीन जॉचा घ्या, स्वस्तात पडतो," असं प्रत्येक टर्नर सांगतो. त्याच्या जागी तो चक चांगलाच आहे. पण त्याचे जॉ लोखंड धरायला केलेले, अरुंद आणि कडक. लाकडात ते रुततात, तीन खड्डे पाडतात, आणि वाटी पोखरून पातळ झाली की तिला तीन बाजूंनी चेपतात. जॉब मोठा असेल तर जॉ चकाच्या कडेबाहेर येऊन फिरतात, वेगात ते दिसत नाहीत आणि बोट नेमकं तिथेच जातं. शिवाय आपलं काम सुरू होतं चौकोनी ठोकळ्यापासून. चारही जॉ एकत्र सरकणाऱ्या चकात तो थेट धरता येतो. तीन जॉमध्ये चौकोन मध्यावर बसतच नाही. मला एवढं कारण पुरलं.

चक घेताना सगळे विचारतात, जॉ किती उघडतात? त्याआधी स्पिंडलचे आटे मोजा. एक इंच आणि ८ आटे हे माप सर्रास मिळतं. जुन्या ब्रिटिश छोट्या लेथवर पाऊण इंच आणि १६ आटे असतात, मोठ्या लेथवर एम३३ (३३ मिलिमीटरचे मेट्रिक आटे), आणि खेळण्याएवढ्या मोटरवाल्या लेथवर एम१४. नोव्हा कंपनीच्या चकांसारख्या काही चकांना मागे वेगळं इन्सर्ट (आट्यांचं सुटं कडं) बसतं, म्हणजे पुढे लेथ बदलला तर नुसतं इन्सर्ट बदलायचं. एकाच लेथवर राहणार असाल तर थेट आट्यांचा चक बरा, जोड जितके कमी तितका जॉब कमी लंगडतो. एका मित्राच्या देशी लेथला बाजारातला एकही चक बसेना. शेवटी आम्ही त्याचा हेडस्टॉकच (स्पिंडल बसवलेला डोक्याकडचा भाग) गाडीत घातला, घाट चढून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेला, आणि तिथल्या एका मेस्त्रींनी समोर बसवून बघत बघत ॲडॅप्टर (स्पिंडलचे आणि चकाचे वेगळे आटे जोडणारा तुकडा) कापून दिला. ते एक वाक्य बोलले ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: आटे चकाला नुसते ओढून धरतात, सरळ बसवतो तो स्पिंडलचा खांदा, म्हणजे आट्यांमागची सपाट कड. म्हणून आटे जुळले तरी चकाची पाठ खांद्याला पूर्ण टेकतेय का ते बघा. मध्ये एखादा भुशाचा कण राहिला तरी टोकाला जॉब हलताना दिसतो.

ॲडॅप्टरचं दुखणं वेगळं. तो चकाला आणखी पुढे ढकलतो. छोट्या लेथचे बेअरिंग छोटे, त्यांच्यापासून वजन जितकं लांब तितकी थरथर जास्त. माझा चक पावणेचार इंची आहे आणि बेडची (लेथच्या खालच्या लांब पायाची) बरीच लांबी तो एकटाच खातो. ज्यांना पाच इंची चकाचा मोह होतोय त्यांनी तो आवरावा. दहा इंची लेथवर तेवढं धूड चढवलं की अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सुरू होतानाच कण्हते.

पकडीबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. ५० मिलिमीटरचे जॉ आहेत, आतून डोवटेल, म्हणजे तिरक्या कडेचे. ते जवळजवळ मिटलेले असताना चौघांचा मिळून पूर्ण गोल होतो, आणि तेव्हाच पकड सगळीकडून सारखी बसते. जास्त उघडले की प्रत्येक जॉचे फक्त दोन कोपरे टेकतात, लाकडावर आठ वळ उठतात. त्यामुळे जॉबच्या बुडाला धरायला जो खुंटा ठेवतो, म्हणजे टेनन, तो या गोलापेक्षा किंचितच मोठा करायचा. दुसरं, टेननचं टोक चकाच्या तळाला टेकू द्यायचं नाही. टेकायला हवा तो टेननभोवतीचा खांदा, जॉच्या तोंडावर. टोक तळाला टेकलं तर जॉब कितीही आवळा, डुलतोच. आणि लाकूड ओलं असेल तर थोडं कातून झाल्यावर चावी पुन्हा फिरवून घ्या, कारण ओलं लाकूड दाबाखाली चेपतं आणि पकड आपोआप सैल होते.

तर चावी. मी चावीचाच चक घेतला त्यालाही कारण होतं. स्वस्तातले चक दोन दांड्यांचे येतात, एक दांडा चकाच्या अंगात, दुसरा मागच्या कड्यात, आणि दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढायचे. दोन्ही हात दांड्यांवर गेले, आता जॉब कोण धरणार? मित्राकडे हा खेळ बघितलाय. दर वेळी तो घरातून कुणाला तरी हाक मारतो, आणि जो येतो तो आधी विचारतो, "ह्याका धरू की त्याका?" चावी असली की एका हातात जॉब, एका हातात चावी. एवढ्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजले, आणि त्यांनी नेमक्या चावीतच कंजुषी केली. चकाचं ओतकाम चांगलं, जॉचं कातकाम सफाईदार, स्लाइडांवर (जॉ ज्यांवर बसतात त्या सरकपट्ट्यांवर) एक ते चार आकडे नीट कोरलेले. (जॉ बदलताना आकड्याला आकडा जुळवा, नाहीतर मध्य चुकतो.) आणि चावी कच्च्या लोखंडाची. हे म्हणजे मुद्दाम केल्यासारखं आहे.

इथपर्यंत गणपतीआधी लिहून ठेवलं होतं. पुढचं दिवाळीनंतरचं.

चावी मिळाली. विक्रेत्याकडून नाही, हार्डवेअरच्या दुकानातून. टी आकाराच्या मुठीची ८ मिलिमीटरची एलन की, क्रोम व्हॅनेडियमची. चकाच्या भोकात अशी फिट बसली की तिथल्या तिथे विक्रेत्याला फोटो पाठवावासा वाटला. किंमत सांगत नाही, राग परत येईल. एवढंच सांगतो की त्या दिवशी कुरिअर मागवला असता तर त्याचं भाडं जास्त झालं असतं. तुमच्या चकाची चावी षटकोनी असेल तर चावी धड आहे तोवरच तिचं माप घ्या आणि तसली एक आणून ठेवा. त्या चावीवर मी एक स्प्रिंगही ओवलीय. दाबून धरली तरच आत राहते, हात काढला की बाहेर येते. चावी चकात विसरून लेथ सुरू केला तर ती कुठे जाईल याचा नेम नसतो. हे तेवढ्यापुरतं औषध.

चावी नव्हती त्या काळात मित्राचा दोन दांड्यांचा लहान चक आणून वापरला, आणि त्याच्याबद्दलचं वरचं मत आता निम्मंच टिकतं. लेथला स्पिंडल लॉक (स्पिंडल फिरू न देणारी कळ) असेल तर चकाचं अंग स्पिंडलबरोबर अडकून राहतं, मग एकाच दांड्याने कडं फिरवता येतं. दुसरा हात जॉबला मोकळा. फक्त आवळताना किंवा सोडताना चक स्पिंडलवरूनच सुटू नये म्हणून मागचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) घट्ट हवा. इंडेक्सिंगची पिन (स्पिंडल ठरावीक कोनांवर थांबवणारी) यासाठी वापरू नका, ती वाकते. भोवरे आणि गुंड्या यांच्यासाठी तो हलका चक मला माझ्या चकापेक्षा आवडला. मोटर चटकन वेग घेते, हत्यार जॉबच्या अगदी जवळ नेता येतं, बाजूला अवजड लोखंड फिरत नसतं. ज्यांच्या लेथला लॉक आहे आणि ज्यांची कामं मुठीत मावणारी आहेत, त्यांनी दोन दांड्यांचाच घ्यावा आणि उरलेल्या पैशांचं लाकूड घ्यावं. वाटीएवढ्या कामाला मात्र चावीचाच. तिथे आवळायला जोर लागतो आणि दांड्यावर हात घसरतो.

पावसाळ्याचं. पहिल्याच आठवड्यात जॉच्या तोंडावर तांबूस पापुद्रा आला. पहिला विचार तेल लावायचा येतो, पण स्क्रोलमध्ये तेल किंवा ग्रीस गेलं की त्यावर भुसा बसून लगदा होतो आणि जॉ अडखळतात. शिवाय तेलाचे डाग लाकडावर उतरतात ते वेगळेच. मी जॉ काढून स्लाइडांवर आणि स्क्रोलवर मेणबत्ती घासतो, ब्रशने जास्तीचं मेण झटकतो, बस. चक रात्री लेथवर ठेवत नाही, झाकणाच्या डब्यात जातो. स्पिंडलवर तो अडकून बसू नये म्हणून खांद्यापाशी तेलाच्या कॅनच्या पातळ प्लास्टिकचा वॉशर कापून घातलाय. जाणकार नाकं मुरडतील, पण प्लास्टिक सगळीकडे सारख्या जाडीचं असेल तर जॉब लंगडत नाही. गंज फक्त चकाचा शत्रू नाही. बाभळीसारख्या टॅनिनच्या लाकडाला ओलं असताना लोखंड लागलं की काळा डाग पडतो, हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून काळी शाई होते तोच प्रकार. तो डाग पॉलिशखाली झाकत नाही. म्हणून ओल्या बाभळीचा टेनन मुद्दाम लांब ठेवतो आणि शेवटी डागासकट कापून टाकतो.

जास्तीच्या जॉपैकी २५ मिलिमीटरचे घ्या. करंड्याच्या झाकणाची मूठ, भोवऱ्याची आर बसवायचं टोक, असलं बारीक काम त्यात नीट धरता येतं. मोठे सपाट जॉ, वाटी उलटी धरून बूड साफ करायचे, ते दहा इंची लेथवर बेडला घासतील की काय असे फिरतात आणि वेग फार कमी ठेवावा लागतो. ते काम मी फेसप्लेटवर (स्पिंडलवर चढणाऱ्या सपाट तबकडीवर) टाकाऊ लाकडाचा ठोकळा बसवून, त्यात वाटीच्या तोंडाएवढी खाच कातून उरकतो. फेसप्लेट लेथबरोबर फुकट आलेली आहे, आणि तिला चावी लागत नाही.