नॉर्वेजियन सामासिक शब्दांचा आघात: एका उच्चार-अभ्यासक्रमाचे परीक्षण

नॉर्वेजियन उच्चारांचा हा ध्वनिमुद्रित ऑनलाइन अभ्यासक्रम मी मुख्यतः सामासिक शब्दांसाठी घेतला आणि त्या एका प्रकरणासाठी मी त्याची मनापासून शिफारस करीन. ‘आघात (उच्चारातला जोर) पूर्वपदावर’ एवढे सांगून तो पुढे जात नाही, तर आधी शब्दाचा सांधा शोधायला लावतो. ‘बार्नेहागेलेरेर’ म्हणजे बालवाडीचा शिक्षक. यातील ‘बार्नेहागे’ हे पूर्वपद स्वतःच एक समास आहे हे उमगले, की मुख्य आघात ‘बार्’वर आणि गौण आघात ‘लेर्’वर का पडतो, ते कानाला पटते.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपण शब्दाचे सगळे अवयव (एका दमात उच्चारले जाणारे तुकडे) जवळपास सारख्याच जोराने उच्चारतो. ‘रॉयकफ्रित’ एका मुख्य आघाताने म्हटले तर ‘धूम्रपानमुक्त’ आणि दोन्ही पदांवर पूर्ण आघात देऊन तोडून म्हटले तर ‘खुशाल धूम्रपान करा’, हा फरक येथे दोन्ही उच्चार लागोपाठ ऐकवून दाखवला आहे, आणि तो फार परिणामकारक ठरतो.

अवयवांच्या लांबीचा पाठ सर्वांत भरीव आहे. आघातयुक्त अवयवात एकतर स्वर दीर्घ असतो, नाहीतर ऱ्हस्व स्वरापुढचे व्यंजन लांबते: ‘ताक’ म्हणजे छप्पर, ‘तक्क’ म्हणजे आभार. उत्तरपदावरचा आघात गौण असला तरी त्याचा दीर्घ स्वर दीर्घच राहतो, त्यामुळे ‘नत्त’ (रात्र) आणि ‘तोग’ (रेल्वेगाडी) यांच्या ‘नत्तोग’ या समासातला ‘ओ’ आखडता येत नाही. येथे लेखनाचा नियमही चोख सांगितला आहे: तीन ‘त’ एकत्र आले की एक गाळतात, पण ओळीच्या शेवटी शब्द तोडताना तो परत येतो आणि ‘नत्त-तोग’ असे लिहितात.

सुरांच्या, म्हणजे शब्द उच्चारताना आवाज चढण्या-उतरण्याच्या दोन ठरावीक प्रकारांच्या, बाबतीत मात्र अभ्यासक्रम तोकडा पडतो. ओस्लोकडच्या बोलीत पहिल्या सुराचा आरंभ खालच्या पट्टीत होतो, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहराकडे वरच्या. येथे सर्व आवाज ओस्लोकडचेच आहेत आणि या भेदाचा उल्लेखही नाही. शिवाय ‘फ्रीविल्ली’ (स्वेच्छेने) यासारखे, आघात दुसऱ्या अवयवावर घेणारे शब्द परिशिष्टात नुसते छापले आहेत. वास्तविक ध्वनिमुद्रणाची सर्वाधिक गरज त्यांनाच होती.