बिलाच्या तिसऱ्या पानावरची ओळ

बाबांच्या मोबाइलचं बिल माझ्या खात्यातून आपोआप जातं. आकडा नेहमीच्या आसपास असला की मी बिल उघडूनही बघत नव्हते. मागच्या महिन्यात पत्त्याच्या पुराव्यासाठी पीडीएफ उघडली आणि तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, एक ओळ दिसली: 'इतर सेवा – मासिक'. पुढे कुठल्याशा कंपनीचं कधी न ऐकलेलं नाव. मागची बिलं उघडत गेले. नऊ महिने तीच ओळ, तीच रक्कम.

बाबांचा फोन घेतला. पाच आकडी नंबरावरून दर आठवड्याला राशिभविष्याचे मेसेज येत होते, एकही उघडलेला नव्हता. जाहिरात समजून बाबा ते सोडून देत होते.

ग्राहक सेवेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, सेवा तुमच्याच नंबरवरून सुरू झालीय." मी संमतीचा पुरावा मागितला. "ते आमच्याकडे नसतं, त्या कंपनीशी बोला." त्या कंपनीचा फोन कधीच लागला नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. पैसे घेताना बिल यांचं, जाब विचारायला गेलं की कंपनी तिसरीच!

हे होतं कसं, ते नंतर कळलं. मोबाइल डेटावर एखादं पान उघडलं की ऑपरेटरच्या यंत्रणेला नंबर आधीच माहीत असतो. कार्ड नको, पासवर्ड नको. जिथे दुसऱ्यांदा खात्री करून घेत नाहीत, तिथे जाहिरात बंद करायला गेलेलं बोट चुकीच्या बटणावर पडलं तरी वर्गणी सुरू होते. कधी कधी तर तेवढंही लागत नाही, कुणीतरी तुमचा नंबर परस्पर टाकलेला असतो.

अमेरिकेत या प्रकाराला 'क्रॅमिंग' म्हणतात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये टी-मोबाइल या मोबाइल कंपनीवर खटला भरला. अशा शुल्कातला ३५ ते ४० टक्के वाटा कंपनी स्वतःकडे ठेवत होती, असा आरोप त्यात होता. शेवटी किमान ९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. एटी अँड टी या दुसऱ्या मोबाइल कंपनीला त्याच वर्षी १०.५ कोटी डॉलर मोजावे लागले. बिल पाठवणाऱ्यालाच वाटा मिळत असेल, तर तो ही ओळ आपणहून कशाला पुसेल?

म्हणून फोनवर बोलत बसू नका, लेखी तक्रार करा. प्रत्येक महिन्याची तारीख आणि रक्कम लिहा, संमतीची नोंद मागा, तक्रार क्रमांक घ्या. बाकीचं बिल वेळेवर भरा, वाद फक्त त्या ओळीपुरता ठेवा. आणि 'ही सेवा बंद करा' एवढ्यावर थांबू नका, नंबरवरची सगळीच थर्ड-पार्टी, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांची, शुल्कं बंद करायला सांगा. मी आधी एकच बंद करून घेतली होती. आठवड्याभरात दुसऱ्या पाच आकडी नंबरावरून 'स्वागत आहे' आलं.

तीन महिन्यांचे पैसे परत मिळाले. उरलेल्या सहा महिन्यांसाठी मी वरच्या पातळीवर तक्रार केली आहे, उत्तर यायचंय. बाबा मात्र अजून म्हणतात, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल गं." नऊ महिन्यांची बिलं त्यांच्यासमोर ठेवून मी त्यांना ती ओळ दाखवली. चष्मा लावूनही ती त्यांना वाचता आली नाही.