स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन की फ्रेंच? तालव्य उच्चारांवरून केलेली तुलना

'माझा' म्हणून बघा, मग 'माझी' म्हणा. पहिल्या शब्दात जीभ दातांमागे राहते, दुसऱ्यात ती टाळूला भिडते. लिहिताना झ तोच, पण पुढे 'ई' आली की तो तालव्य होतो. लॅटिनमधल्या 'क'ला इ आणि ए यांनी असंच पुढे ओढलं. लॅटिनमध्ये शंभर म्हणजे 'केन्टुम्'. त्याचं इटालियनमध्ये 'चेन्तो' झालं आणि फ्रेंचमध्ये 'साँ'. सार्डिनिया बेटावर मात्र काही बोलींत आजही 'केन्तु' म्हणतात. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच यांपैकी एखादी भाषा शिकायची असेल, तर मराठी जिभेला कुठे आयतं मिळतं आणि कुठे घोटावं लागतं, ते आधी पाहावं.

खरी कसोटी 'ल्य'ची. 'कल्याण'मध्ये आपण ल आणि य लागोपाठ म्हणतो. या भाषांत मात्र 'ल्य' हे एकच व्यंजन आहे. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवा आणि मधला भाग टाळूला चिकटवून 'ल' म्हणा, म्हणजे जमेल. 'मुलगी' हा शब्द चारही भाषांत लॅटिन 'फीलिया'वरून आला. इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये तो 'फील्या' राहिला, फ्रेंचमध्ये 'फीय' झाला, स्पॅनिशमध्ये तर 'इखा'.

फ्रेंच इथे सगळ्यांत सोपी. तिथला 'ल्य' एकोणिसाव्या शतकात पुसला गेला आणि 'य' उरला. तिची आणखी एक खूण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'चीफ' आणि 'शेफ' हे मुळात एकच फ्रेंच शब्द. इंग्रजीने पहिला घेतला तेव्हा फ्रेंच लोक 'च' म्हणत, दुसरा घेतला तोवर 'श' म्हणू लागले होते.

इटालियनमध्ये लिहिलेलं पाहून उच्चार जवळजवळ नेमका कळतो, म्हणून नवशिक्याला मी तीच आधी सुचवेन. फक्त सी-एच दिसलं की तिथे 'क' म्हणायचं. स्पॅनिशमध्ये त्याच जोडीचा 'च' होतो, फ्रेंच-पोर्तुगीजमध्ये 'श'. स्वरांमधला 'ल्य' इटालियनमध्ये जोर देऊन, दुहेरी म्हणतात. रोमच्या बोलीत त्याचाही 'य' होतो, पण शिकताना तिकडे वळू नका.

स्पॅनिशमध्ये भाषा ठरवून भागत नाही, गावही ठरवावं लागतं. रस्त्याला माद्रिदमध्ये 'काये' म्हणतात, बोलिव्हिया आणि पराग्वेत बहुतेक ठिकाणी 'काल्ये', ब्युनॉस आयर्समध्ये 'काशे'. तिथे आधी घोष, म्हणजे गळा थरथरणारा, उच्चार होता, विसाव्या शतकात तो अघोष 'श'कडे सरकला. 'ल्य'चा 'य' झाला की शब्द एकमेकांत मिसळतात. दोन एलचा 'पोयो' म्हणजे कोंबडी, वायचा 'पोयो' म्हणजे दगडी ओटा. कानाला दोन्ही सारखेच, अर्थ संदर्भाने लागतो. त्याने फारसं अडत नाही, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 'काये' घ्या. बहुतेक स्पॅनिश जग तेच बोलतं. अर्जेंटिनाला जायचं पक्कं असेल तरच 'श' धरा, आणि धरला तर सगळीकडे धरा. तिथे 'मी'सुद्धा 'यो' नसतो, 'शो' असतो. 'शो' म्हणून पुढच्याच वाक्यात 'काये' म्हटलं, तर ते कुठल्याच गावचं वाटत नाही. स्पॅनिश 'न्य' मात्र सगळीकडे टिकला आहे. 'वर्ष' या अर्थाच्या 'आन्यो'मध्ये एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ असते. लॅटिनमधले दोन एन लिहिताना लेखनिक एकावर रेघ मारून दुसरा वाचवायचे, तिचीच ही रेघ.

पोर्तुगीजमध्ये 'ल्य' आणि 'न्य' दोन्ही आहेत. गोव्याच्या वाचकाला ते आडनावांतून ओळखीचे असतील: कार्व्हाल्योमधलं एल-एच, नोरोन्यामधलं एन-एच. मूळ उच्चारात ती जोडाक्षरं नाहीत, एकेक व्यंजनच आहेत. ब्राझीलमध्ये 'न्य' पुष्कळदा सैल पडतो, जीभ टाळूला टेकतच नाही, नुसता नाकातला 'य' ऐकू येतो. शिवाय रिओत आणि ब्राझीलच्या बऱ्याच भागात इ समोर आली की त चा च आणि द चा ज होतो: मावशीला लिस्बनमध्ये 'तीया', रिओत 'चीया'. दिवसाला लिस्बनमध्ये 'दीया', रिओत 'जीया'. 'माझी' म्हणणाऱ्या जिभेला हे रिओचं वळण पटकन बसतं. पण आजीआजोबांचं पोर्तुगीज समजून घेण्यासाठी शिकणार असाल, तर लिस्बनचं घ्या. गोव्यातल्या घरांत ती भाषा पोर्तुगालहून आली, तिथे मावशी 'तीया'च आहे.